वाटा बाराव्या वर्षी फुटतात: नेदरलँड्सची शिक्षणव्यवस्था, मराठी पालकांसाठी

ॲमस्टेल्फेन, हेग किंवा आइंडहोव्हनला बदली ठरली की घरभाडं, विमा, थंडीचे कपडे या सगळ्याची लोक कसून चौकशी करतात. शाळेच्या बाबतीत मात्र ‘तिथे गेल्यावर जवळची एखादी बघू’ म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे ते खपून जातं, कारण दहावीपर्यंत सगळी मुलं एकाच रांगेत असतात आणि खरी चाळणी त्यानंतर लागते. नेदरलँड्समध्ये ती चाळणी बाराव्या वर्षी लागते. प्राथमिक शाळा संपताना प्रत्येक मुलाला एक शिफारस मिळते आणि त्यावर ते कोणत्या प्रकारच्या माध्यमिक शिक्षणात जाणार हे ठरतं. शिफारशीत भाषेचा वाटा मोठा असतो, आणि भाषा म्हणजे डच. त्यामुळे शाळा कोणती यापेक्षा मूल कितव्या वर्षी तिथे पोचतं आणि बारा वर्षांचं होईपर्यंत त्याच्या हातात किती काळ उरतो, हा प्रश्न मोठा आहे. नियोजन तिथून सुरू करा.

आधी आराखडा

चार ते बारा वर्षं प्राथमिक शाळा. तिला बासिसस्कोल म्हणतात, आणि तिच्यात ग्रूप १ ते ग्रूप ८ असे आठ वर्ग असतात. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो: ग्रूप ८ म्हणजे आपली आठवी नव्हे. ग्रूप १ आणि २ ही बालवाडी, वाचन-लेखन ग्रूप ३ मध्ये सुरू होतं. म्हणजे ग्रूपच्या आकड्यातून दोन वजा केले की साधारण आपली इयत्ता निघते. ग्रूप ८ म्हणजे आपली सहावी.

त्यानंतर माध्यमिकच्या तीन मुख्य वाटा. चार वर्षांची व्हीएमबीओ, पाच वर्षांची हावो आणि सहा वर्षांची व्हीडब्ल्यूओ. व्हीएमबीओ कामाकडे आणि व्यवसायाकडे नेते, हावो उपयोजित उच्च शिक्षणाकडे, व्हीडब्ल्यूओ विद्यापीठाकडे. या तिन्हींच्या पुढे अनुक्रमे एमबीओ म्हणजे व्यावसायिक शिक्षण, एचबीओ म्हणजे उपयोजित उच्च शिक्षण आणि विद्यापीठ, ज्याला तिथे डब्ल्यूओ म्हणतात. ज्या मुलांना व्हीएमबीओही जड जाईल त्यांच्यासाठी प्रत्यक्ष कामावर भर देणारी वेगळी शाळा असते.

पाचवा वाढदिवस झाला की पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून शाळा सक्तीची होते. ही सक्ती सोळाव्या वर्षापर्यंत असते. त्यानंतरही अठरा पूर्ण होईपर्यंत हावो, व्हीडब्ल्यूओ किंवा किमान एमबीओची दुसरी पातळी यांपैकी काही तरी पदरात पाडून घ्यावं लागतं, नाही तर शिकत राहावं लागतं. घरी बसून शिकवण्याचा पर्याय जवळपास नाहीच.

पहिला निर्णय: मुलाचं वय बघा

मूल चारपेक्षा लहान असेल तर तुमचं नशीब चांगलं. अडीच वर्षांपासून खेळघरात घाला, आठवड्यातून दोन-तीन सकाळी का होईना. चौथ्या वर्षी शाळेत जाईपर्यंत कानावर डच पडलेलं असेल. घरी मात्र मराठीच बोला. आई-बाबांनी मोडक्यातोडक्या डचमध्ये मुलाशी बोलून त्याचं डच सुधारत नाही, फक्त मराठी जाते.

चार-पाच वर्षांचं मूल थेट नेहमीच्या वर्गात बसतं. साधारण सहा ते बारा वयाचं, डच अजिबात न येणारं मूल बहुतेक शहरांत आधी नवागतांच्या भाषावर्गात जातं. तिथे वर्षभर मुख्यतः डच, थोडं गणित, आणि मग नेहमीची शाळा. हा वर्ग प्रत्येक शाळेत नसतो, शहरातल्या ठरावीक शाळांत असतो. म्हणून घर भाड्याने घेण्याआधी नगरपालिकेच्या संकेतस्थळावर ‘नवागत वर्ग’ कुठे आहेत ते शोधा. घर एका टोकाला आणि वर्ग दुसऱ्या टोकाला असेल तर रोज सकाळी सायकलवर पावसात त्याची आठवण होईल.

दहा-अकराव्या वर्षी येणाऱ्या मुलांचं सगळ्यात अवघड. वर्षभर भाषेत जातं आणि लगेच शिफारशीचं वर्ष उगवतं. बारा ते अठरा वयाच्या नवागतांसाठी माध्यमिक स्तरावर आयएसके नावाचा जोडवर्ग असतो. तिथून एक-दोन वर्षांनी मूल योग्य वाटेवर सोडतात. शिक्षक मनापासून शिकवतात, पण पुण्यात आठवीत पहिल्या पाचात असलेली मुलगी तिथून एकदम व्हीडब्ल्यूओला जाईल अशी आशा धरू नका. गणितात ती वर्गाच्या पुढे असेल, पण इतिहासाच्या धड्यात तीन वाक्यांमागे एकदा अडेल.

मूल चौदा-पंधराचं असेल आणि तुमचा मुक्काम तीन-चार वर्षांचाच असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: आंतरराष्ट्रीय शाळा बघा. या दोन तऱ्हेच्या. एक सरकारी अनुदान घेणाऱ्या डच आंतरराष्ट्रीय शाळा. यांची फी वर्षाला साधारण पाच ते दहा हजार युरो, आणि प्रवेशासाठी तुमचा मुक्काम तात्पुरता असल्याचं कंपनीचं पत्र लागतं. दुसऱ्या पूर्ण खासगी, त्यांची फी याच्या दुप्पट-तिप्पट. कंपनी फी भरणार का, हे नोकरीच्या करारावर सही करण्याआधी विचारा. सही झाल्यावर तो विषय निघत नाही. जागा कमी आणि प्रतीक्षायादी लांब असते, तेव्हा व्हिसाची वाट न बघता अर्ज टाका.

काही पालक मधला मार्ग म्हणून द्विभाषिक डच शाळेकडे बघतात. देशात शंभराहून अधिक माध्यमिक शाळांत सुरुवातीच्या वर्षांत निम्मे विषय इंग्रजीत शिकवतात. पण उरलेले निम्मे डचमध्ये असतात आणि शेवटची परीक्षाही डचमधूनच होते. डच येणाऱ्या मुलासाठी हा छान पर्याय आहे. डच टाळायचं असेल त्याच्यासाठी नाही.

शाळा निवडणं आणि नाव घालणं

डच शाळांच्या पाट्या वाचताना पहिल्यांदा दचकायला होतं. एकाच गल्लीत एक सार्वजनिक शाळा, एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट, पलीकडे माँटेसोरी, आणि सगळ्यांची फी शून्य. याचं मूळ १९१७ सालच्या तडजोडीत आहे. धार्मिक पक्षांना आपल्या शाळांना सरकारी पैसा हवा होता, उदारमतवादी आणि समाजवादी पक्षांना सार्वत्रिक मतदानाचा हक्क हवा होता. दोघांनाही आपापलं मिळालं. तेव्हापासून राज्यघटनेनुसार खासगी संस्थेच्या आणि सरकारी शाळेला सारखाच पैसा मिळतो. राज्यघटनेचं आजचं २३वं कलम म्हणजे हेच. आज बहुसंख्य मुलं संस्थांच्या शाळांत आहेत. त्यामुळे ‘प्रायव्हेट म्हणजे महाग आणि चांगली’ हे आपलं गणित तिथे लागू होत नाही.

कॅथलिक पाटीला घाबरायचं कारण नाही. बहुतेक ठिकाणी नाताळचं नाटक आणि ईस्टरचा नाश्ता यापलीकडे धर्म जाणवत नाही. काही कडव्या प्रॉटेस्टंट शाळा याला अपवाद आहेत आणि पालकांनी त्यांची तत्त्वं मान्य करावीत अशी अट त्या घालू शकतात. हेग, ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम या शहरांत सरकारी पैशावर चालणाऱ्या हिंदू प्राथमिक शाळाही आहेत. त्या सुरिनामहून आलेल्या हिंदुस्थानी समाजाने उभ्या केल्या. दिवाळी-होळी तिथे साजरी होते, पण अभ्यासक्रम इतर डच शाळांसारखाच आणि माध्यम डचच. भारतीय शाळा समजून जाऊ नका.

पद्धतीचा फरक जास्त महत्त्वाचा आहे. माँटेसोरी आणि येनाप्लान शाळांत वेगवेगळ्या वयाची मुलं एका वर्गात बसतात. डाल्टन शाळेत मुलाला आठवड्याची कामं देऊन कधी काय करायचं ते त्याच्यावर सोडतात. श्टाइनरच्या विचारावरच्या शाळांत हस्तकला, रंग, नाटक जास्त. भाषा नुकती शिकणाऱ्या मुलाला ठरावीक चाकोरीची साधी शाळा सोपी जाते, असं मला वाटतं. तरी शाळा सुरू असताना एक फेरी मारून या. मुख्याध्यापक भेट देतात. वर्गात किती मुलं, नवागत मुलाला जादा मदत कोण करतं आणि आठवड्यात किती वेळ, हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर ती शाळा यादीत खाली टाका. सगळ्या शाळांची माहिती आणि शिक्षण निरीक्षकांचा अहवाल सरकारी आकडेवारीवर चालणाऱ्या ‘स्कोलेन ऑप दे कार्त’ या संकेतस्थळावर फुकट बघता येतो.

नाव घालायला मुलाचा बीएसएन म्हणजे नागरिक क्रमांक लागतो आणि तो नगरपालिकेत नोंदणी झाल्यावर मिळतो. सोबत भारतातल्या शाळेची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाची नोंद आणि असेल तर विशेष गरजांचा अहवाल न्या. प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून ठेवा. ॲमस्टरडॅममध्ये प्राथमिक प्रवेश शहरभर एकत्र होतो आणि घराजवळच्या शाळांमध्ये प्राधान्य मिळतं. लहान गावात थेट शाळेतच अर्ज. चार वर्षं पूर्ण व्हायच्या दोन महिने आधीपासून मुलाला सवयीसाठी काही दिवस शाळेत बसवू देतात. ती संधी घ्या.

खर्च? प्राथमिक आणि माध्यमिक दोन्ही फुकट. माध्यमिकची पुस्तकंही शाळाच देते. सहली, सण यांसाठी शाळा ‘ऐच्छिक वर्गणी’ मागते, प्राथमिकला साधारण पन्नास-शंभर युरो. ती खरोखर ऐच्छिक आहे. २०२१ पासून कायदाच झाला आहे की वर्गणी भरली नाही म्हणून मुलाला सहलीतून वगळता येणार नाही. खरा खर्च आहे शाळेनंतरच्या पाळणाघराचा. शाळा दोन-अडीचला सुटते, बऱ्याच ठिकाणी बुधवारी साडेबारालाच. दोघं नोकरी करत असाल तर त्या तासांसाठी सरकारी भत्ता मिळतो, पण तो आपणहून मागावा लागतो आणि पाळणाघर सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत.

आठ वर्षांत काय बघायचं

ग्रूप ५-६ पर्यंत घरचा अभ्यास जवळजवळ नसतो. मराठी आई-बाबांना हे झेपत नाही. ‘शाळेत काहीच शिकवत नाहीत’ ही तक्रार प्रत्येक गणेशोत्सवात ऐकू येते. शिकवतात, पण वही दिसत नाही म्हणून वाटत नाही. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनमध्ये, देशपातळीवर तोलता येणाऱ्या चाचण्या होतात: वाचन समज, शुद्धलेखन, गणित, शब्दसंग्रह. त्यांचा आलेख वर्षानुवर्षं जपून ठेवलेला असतो आणि बाराव्या वर्षीची शिफारस मुख्यतः त्यावर बेतलेली असते. बऱ्याच शाळा निकाल रोमन आकड्यांत देतात: एक म्हणजे वरच्या वीस टक्क्यांत, पाच म्हणजे खालच्या वीस टक्क्यांत. समजा, कागदावर गणितात एक आणि वाचन समजेत चार आहे. आपण गणिताकडे बघून खूश होतो. शिक्षक बघतात ते त्या चारकडे.

हा कागद हातात येतो दहा मिनिटांच्या भेटीत. वेळ खरोखर दहा मिनिटंच असते, पुढचे पालक दाराबाहेर खुर्चीवर बसलेले असतात. त्यामुळे ‘कसा आहे हो आमचा’ असं विचारून वेळ घालवू नका. तीन प्रश्न लिहून न्या: गेल्या चाचणीपेक्षा आलेख वर गेला की खाली, वाचन समजेसाठी घरी नेमकं काय करू, आणि आजच्या घडीला तुम्ही कोणती शिफारस द्याल. तिसरा प्रश्न ग्रूप ६ पासूनच विचारायला हरकत नाही. डच शिक्षक थेट उत्तर देतात, कधी कधी झोंबेल इतकं थेट. तो उद्धटपणा नसतो, तिथली रीतच तशी आहे.

घरी काय करायचं याचं उत्तर बहुतेकदा एकच: डच पुस्तकं वाचा. गावच्या ग्रंथालयाचं सदस्यत्व मुलांसाठी फुकट आहे. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने वाचू द्या. आपल्याला कळत नसलं तरी समोर बसून ऐका. गणिताचे जादा क्लास लावण्याची आपली हौस इथे बाजूला ठेवा. डच गणित म्हणजे शब्दांत गुंफलेली उदाहरणं, तेव्हा तिथेही अडतं ते वाचनच.

बाकी प्राथमिकचं जग वेगळंच आहे. ग्रूप ७ मध्ये, काही शाळांत ८ मध्ये, मुलं प्रत्यक्ष रस्त्यावर सायकलची वाहतूक परीक्षा देतात. पोहण्याचा पहिला दाखला बहुतेक मुलं सात-आठ वर्षांची होईपर्यंत मिळवतात. हे शाळेत होत नाही, स्वतः नाव घालावं लागतं आणि रांग असते. ग्रूप ८ चा शेवट संगीत नाटकाने होतो. डब्यात पाव-चीज असतं. पोळीभाजी दिली तर कुणी हरकत घेत नाही, पण गरम करायची सोय नसते आणि खायला वेळ पंधरा-वीस मिनिटं.

रजेच्या बाबतीत गाफील राहू नका

हा विषय वेगळा काढतो, कारण इथे आपले लोक सगळ्यात जास्त फसतात. शाळा चालू असताना मुलाला सुट्टीवर नेणं हा गुन्हा आहे. तिकिटं स्वस्त मिळाली, आजीची पंच्याहत्तरी आहे, ही कारणं चालत नाहीत. नगरपालिकेचा हजेरी अधिकारी दंड करतो, आणि सुट्टीच्या आदल्या दिवसांत या अधिकाऱ्यांनी स्किपोल विमानतळावर तपासणी केल्याचीही उदाहरणं आहेत.

चालतं काय? जवळच्या नात्यातलं लग्न, अंत्यविधी यांसाठी ठरावीक दिवस, मुख्याध्यापकाकडे लेखी अर्ज करून. लग्नासाठी पत्रिका जोडा. धार्मिक सणासाठी हक्काने रजा मिळते, साधारणतः एका सणाला एक दिवस. शाळेला किमान दोन दिवस आधी कळवायचं. म्हणजे लक्ष्मीपूजनाला रजा मिळेल, पण अख्खा दिवाळीचा आठवडा मिळणार नाही. पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यातून पाच तासांपर्यंत घरी ठेवायची सूट आहे. नंतर ती संपते.

देशाचे सुट्टीसाठी तीन भाग आहेत. ॲमस्टरडॅम उत्तर भागात, हेग-रॉटरडॅम-उत्रेख्त मध्य भागात, आइंडहोव्हन दक्षिण भागात. उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुट्टी प्रत्येक भागात वेगळ्या तारखेला सुरू होते. तेव्हा मित्राच्या तारखा बघून तिकिटं काढू नका.

ग्रूप ८: शिफारशीचं वर्ष

१० ते ३१ जानेवारीच्या दरम्यान शाळा तात्पुरती शिफारस देते. त्यानंतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत डच भाषा आणि गणित यांची अंतिम चाचणी होते. तिला डोरस्ट्रोमटूट्स म्हणतात आणि २०२४ पासून ती जुन्या अंतिम चाचणीच्या जागी आली आहे. निकाल १५ मार्चपर्यंत, पक्की शिफारस २४ मार्चपर्यंत, आणि २५ ते ३१ मार्च हा देशभर माध्यमिक शाळेत नाव घालण्याचा आठवडा.

चाचणीत शिफारशीपेक्षा वरचा निकाल आला तर शाळेने शिफारस वर नेलीच पाहिजे. मुलाच्या हिताचं नाही असं शाळेला वाटलं तर तसं कारण देऊन ती नकार देऊ शकते. निकाल कमी आला तर शिफारस खाली उतरत नाही. म्हणजे चाचणीत मुलाचं नुकसान होत नाही, झाला तर फायदाच. आपल्या शिष्यवृत्तीसारखी तयारी करून घेण्यात मात्र अर्थ नाही. चार वर्षं किंवा त्यापेक्षा कमी काळ देशात असलेल्या आणि त्यामुळे डच कच्चं असलेल्या मुलाला चाचणीतून सूट मिळू शकते. सूट घ्यायची की निकालाची संधी साधायची, हे शिक्षकांशी बोलून ठरवा.

शिफारस कमी वाटली तर काय करायचं? भांडू नका, कागद मागा. गेल्या तीन वर्षांचे आलेख समोर ठेवून विचारा की गणित आणि वाचन यांच्यात एवढी दरी असताना ती दरी भाषेची की समजेची. मूल उशिरा आलं असेल आणि आलेख चढता असेल, तर ‘व्हीएमबीओ-हावो’ किंवा ‘हावो-व्हीडब्ल्यूओ’ अशी दुहेरी शिफारस मागण्यात काही गैर नाही. अशा मुलांसाठी दोन वाटांचा एकत्रित पहिला वर्ग, म्हणजे ब्रुखक्लास, असलेली माध्यमिक शाळा निवडा. काही ठिकाणी असा वर्ग एक वर्ष चालतो, काही ठिकाणी दोन. भाषा मागे असलेल्या मुलाला दोन वर्षांचा वर्ग म्हणजे मोठीच सवड. माध्यमिक शाळांचे खुले दिवस जानेवारी-फेब्रुवारीत असतात. ॲमस्टरडॅमसारख्या ठिकाणी पसंतीक्रमाची यादी देऊन सोडतीने प्रवेश होतो. यादी लांब भरा. दोनच शाळांची नावं टाकून बसणाऱ्यांची पंचाईत होते.

तीन वाटांवर आत काय असतं

व्हीएमबीओ म्हटलं की आपल्या घरात सुतक लागतं, आणि ते अज्ञानातून. देशातली जवळपास निम्मी मुलं याच वाटेने जातात. तिच्यात चार उपवाटा आहेत: सगळ्यात प्रत्यक्ष कामाची, तिच्यापुढे थोडी वरची, मिश्र आणि सैद्धांतिक. सैद्धांतिकमध्ये फक्त पुस्तकी विषय असतात आणि तिथून हावोला जाता येतं.

हावो आणि व्हीडब्ल्यूओमध्ये तिसऱ्या वर्षानंतर चारपैकी एक विषयगट निवडायचा असतो: संस्कृती-समाज, अर्थ-समाज, निसर्ग-आरोग्य, निसर्ग-तंत्र. वैद्यकीय, अभियांत्रिकी यांची दारं इथेच उघडतात किंवा बंद होतात. कारण पुढचे अभ्यासक्रम ठरावीक विषय मागतात, भौतिकशास्त्र आणि गणिताचा अवघड प्रकार विशेषतः. व्हीडब्ल्यूओची लॅटिन-ग्रीक असलेली शाखा म्हणजे जिम्नॅशियम. त्यात व्यायामशाळा नाही, प्रतिष्ठा भरपूर आहे. ती नसलेली शाखा अथेनेउम. विद्यापीठाला दोन्ही सारख्याच.

गुण एक ते दहाच्या पट्टीवर, साडेपाचला उत्तीर्ण. सात चांगले, आठ म्हणजे उत्तम, दहा जवळपास कुणाला पडत नाहीत. ‘दहापैकी सातच?’ हा प्रश्न घरात विचारू नका. सगळे गुण शाळेच्या ॲपवर दिसतात, मॅजिस्टर किंवा सोमटुडेवर, आणि मुलं शाळेतून घरी पोचायच्या आधी पालकांना कळलेलं असतं. २०२४ पासून वर्गात मोबाइल बंद आहेत.

शेवटची परीक्षा दोन भागांची. निम्मे गुण शाळेच्या स्वतःच्या परीक्षांचे, निम्मे मे महिन्यातल्या राष्ट्रीय परीक्षेचे. राष्ट्रीय परीक्षेची सरासरी साडेपाच हवीच. हावो आणि व्हीडब्ल्यूओमध्ये डच, इंग्रजी, गणित या तिघांत मिळून फार तर एक पाच चालतो. एका विषयाची परीक्षा पुन्हा देता येते. जूनमध्ये निकालाच्या दिवशी मुलं घरी फोनकडे डोळे लावून बसतात. पास झालं की दाराशी डच झेंडा लागतो आणि त्याच्या काठीला शाळेचं दप्तर अडकवतात. जून संपेपर्यंत गल्लीत फिरलं की कुणाच्या घरी यंदा परीक्षा होती ते वर मान करून कळतं.

वाट बदलता येते का?

येते, आणि आपल्या लोकांना हेच कुणी सांगत नाही. व्हीएमबीओची मिश्र किंवा सैद्धांतिक वाट एक जादा विषय घेऊन पूर्ण केली की हावोच्या चौथ्या वर्षाला प्रवेशाचा हक्क आहे, २०२० पासून कायद्याने. हावो पूर्ण केलं की व्हीडब्ल्यूओच्या पाचव्या वर्षाला जाता येतं. एमबीओची चौथी पातळी संपवून एचबीओ, आणि एचबीओचं पहिलं वर्ष पूर्ण करून विद्यापीठ, हाही राजरोस मार्ग आहे, फक्त विद्यापीठ काही विषयांची अट घालतं. या चढण्याला तिथे स्टापेलन म्हणतात. किंमत एकच: प्रत्येक बदलीत साधारण एक वर्ष जादा. बारा वर्षांचं मूल व्हीएमबीओला गेलं म्हणून अभियंता होणार नाही असं नाही. ते कदाचित चोविसाव्या वर्षी होईल, आणि तिथे चोविसाव्या वर्षी शिकत असण्याचं कुणाला काही वाटत नाही.

उलटा प्रवासही होतो, हे लक्षात असू द्या. आग्रह धरून व्हीडब्ल्यूओत घातलेलं मूल दोन वर्षांत हावोला उतरलं, तर त्याच्या मनावर जो ओरखडा उठतो त्यापेक्षा आधी हावोत रमणं परवडलं. आणि एमबीओचं म्हणाल तर तिथे पाच लाखांच्या आसपास विद्यार्थी शिकतात. त्याची एक तऱ्हा अशी की आठवड्यातले चार दिवस कंपनीत पगारावर काम आणि एक दिवस शाळा. वीजतंत्री, परिचारिका, विमान दुरुस्ती, सॉफ्टवेअर, सगळं आहे. डच प्लंबर किती कमावतो हे घरात गळती झाली की कळतं.

एचबीओ आणि विद्यापीठ

एचबीओची पदवी चार वर्षांची, प्रकल्प आणि कंपनीतल्या कामासह. विद्यापीठाची पदवी तीन वर्षांची आणि वर एक-दोन वर्षांची मास्टर्स. इंग्रजीत दोघंही स्वतःला युनिव्हर्सिटी म्हणवतात, त्यामुळे भारतातून अर्ज करणारे एचबीओला विद्यापीठ समजतात. नावात ‘अप्लाइड सायन्सेस’ आहे का ते बघा. नोकरीसाठी एचबीओ उत्तम, संशोधनाकडे जायचं असेल तर विद्यापीठ घ्या.

अर्ज स्टुडीलिंक या एका खिडकीतून होतो. मर्यादित जागांच्या अभ्यासक्रमांसाठी अंतिम तारीख १५ जानेवारी आणि वर्षाला असे दोनच अर्ज करता येतात. बाकीच्यांसाठी १ मे. भारतातून थेट येणाऱ्यांना व्हिसामुळे त्याआधीच अर्ज करावा लागतो, तेव्हा विद्यापीठाची स्वतःची तारीख बघा. बारावीच्या बाबतीत सगळी मंडळं एका मापाने मोजत नाहीत. सीबीएसई आणि आयएससीला जी दारं उघडी असतात ती राज्य मंडळाच्या बारावीला बऱ्याच विद्यापीठांत थेट उघडत नाहीत. फी भरण्याआधी भारतासाठीच्या अटींचं पान उघडून शब्द न् शब्द वाचा.

फी दोन दरांत असते. सरकारी दर २०२५-२६ साठी २,६०१ युरो. तो युरोपीय नागरिकांना आणि ठरावीक निवास परवान्यांना लागू. इतरांना संस्थेचा दर, जो याच्या कित्येक पट असतो. दहा वर्षं डच शाळेत शिकलेल्या मराठी मुलालाही, हातात चुकीच्या प्रकारचा परवाना असेल तर, दुसरा दर लागू शकतो. म्हणून मूल पंधरा-सोळाचं झालं की परवान्यावरचा मजकूर बघा आणि कायम निवास किंवा नागरिकत्व घेण्याचा विचार असेल तर अठरावं वर्ष उजाडायच्या आत तो मार्गी लावा. ड्युओ या सरकारी संस्थेकडे परवान्याची प्रत दाखवून कोणता दर लागेल ते लेखी विचारून घ्या. विद्यार्थ्यांचं अनुदान, जे २०१५ मध्ये बंद करून २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालं, तेही याच अटीवर अवलंबून आहे.

प्रवेश सोपा असला तरी पहिलं वर्ष कडक असतं. वर्षाला ६० क्रेडिट, एका क्रेडिटला २८ तास धरलेले. बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षी चाळीस-पंचेचाळीस क्रेडिट मिळाले नाहीत तर त्या अभ्यासक्रमातून बाहेर पडावं लागतं आणि काही वर्षं तिथे पुन्हा नाव घालता येत नाही. आजारपण, घरातला मृत्यू अशी खरी कारणं असतील तर विद्यार्थी सल्लागाराला ती जेव्हाची तेव्हा कळवायची असतात. जूनमध्ये सांगून उपयोग होत नाही. जानेवारीअखेर इशाऱ्याचं पत्र येतं. ते आलं की त्याच आठवड्यात सल्लागाराची वेळ घ्या. आणि अभ्यासक्रमच चुकला असं वाटत असेल तर १ फेब्रुवारीपूर्वी नाव काढून घ्या. म्हणजे बहुतेक ठिकाणी ती बंदी लागू होत नाही.